तिसऱ्या महिन्याचा संकल्प

भूपाल मगदूमला किळस कशाशी खातात हे ठाऊकच नव्हते. जयसिंगपुरात शिरोळ रस्त्याला त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान. चाळीस वर्षे तो आसपासच्या विहिरींतून बंद पडलेल्या मोटारी वर काढत आला होता. विहिरीत काय काय पडते ते त्यालाच विचारावे. फुगलेली मांजरे, कुजलेला पाला, एकदा तर आठ दिवसांचे मेलेले रेडकू. बाकीचे लोक नाकाला टॉवेल लावून काठावर उभे असत आणि हा कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाने मोटार चाचपत असे. वर येऊन हातपाय धुतले की तिथेच बसून भाकरी सोडायचा.

"तुला नाक हाय का नुसती जागा?" असे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त नेमगोंडा म्हणायचा.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी चंपाक्काला, म्हणजे त्याच्या बायकोला, उजव्या अंगाला लकवा मारला तेव्हा लोकांना वाटले तेवढा तो खचला नाही. तिला न्हाऊ घालणे, शौचाचे भांडे देणे, चादरी बदलणे, हे सगळे त्याने मोटार उघडावी तसे बिनबोभाट अंगावर घेतले. चंपाक्काची जीभ जड झाली होती, पण तिखटपणा गेला नव्हता. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची. तो ती हाताला येईल त्या कापडाने, कापड नसले तर बोटानेच पुसायचा आणि बोट धोतराला.

जेवणाचे म्हणाल तर मगदूमांच्या घरात ताटात अन्न टाकत नसत. टाकलेल्या अन्नात जीव होतात, ते मरतात आणि ते पाप आपल्या माथी, अशी भूपालच्या आईची शिकवण. जेवण झाले की ताटात पाणी ओतायचे, बोट फिरवून ताट धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. चंपाक्का आताशा अर्ध्या ताटाच्या पुढे जात नसे. उरलेले भूपाल संपवायचा, ताट धुवायचा आणि पाणी प्यायचा. दिवस मावळायच्या आत दोघांची जेवणे उरकलेली. दोन वर्षे हे असे सरळ चालले होते.

बिघडली ती भूपालची साखर. दीड माणसाचे अन्न एका पोटात जात होते, त्यात पाच वेळचा गोड चहा आणि गालात तंबाखूची गोळी.

त्यांची एकुलती मुलगी त्रिशला पुण्याहून आली ती तपासणीचा कागद हातात घेऊनच. मुलगी मोठी मायेची. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा म्हणजे यायचा, घड्याळ लावून घ्यावे. चंपाक्का साडेनऊलाच वेणी घालून घ्यायची, कारण फोनवर तोंड दिसते.

"आण्णा, तीनशेच्या वर साखर आहे. रिपोर्ट बघितलात का?"

"बघितला. बरा छापलाय."

"चेष्टा नको. एका महिन्यात एकच गोष्ट धरायची. छोटीशी. तीस दिवस पाळली की सवय लागते. मी अकरा महिने केलंय. नखं खायची सुटली, अंथरुणात फोन बघायचा सुटला..."

खाटेवरून चंपाक्का म्हणाली, "आमी बी करायचो की. चातुर्मासात एकीनं गूळ सोडायचा, एकीनं वांगी. चातुर्मास सुटला की दोनी हातानं खायचं."

"तेच तर, आई! नुसत्या मनाच्या निर्धारावर टिकत नाही. म्हणून तर ही आहे." त्रिशलाने केस बाजूला केले. कानामागे, जिथे हाड लागते तिथे, रुपयाएवढी कातडीच्या रंगाची चकती होती. "आमच्या ऑफिसात सगळ्यांनी लावलीय."

सांगलीला नवसंकल्प नावाचे केंद्र होते. तिथल्या डॉ. कुरुंदवाडे बाई हसऱ्या आणि समजावून सांगणाऱ्या. त्यांनी मेंदूचा एक रबरी नमुना हातात घेतला आणि कानाच्या वरच्या बाजूची घडी बोटाने उघडून दाखवली.

"ही घडी उघडली की आत एक भाग दिसतो. इन्सुला. नासलेलं दूध नाकाशी आलं की हा जागा होतो आणि पोट ढवळतं. निसर्गानं दिलेला हा सगळ्यात जुना राखणदार. विषारी पान एकदा खाऊन वाचलेल्या माणसाला ते पान पुन्हा बघवत नसे, म्हणून आपण आज जिवंत आहोत. मास्तरांची छडी माणूस विसरतो, मगदूम, पण ज्याची एकदा किळस बसली ते विसरत नाही. आम्ही तेवढंच वापरतो."

चकतीतून फार बारीक ध्वनिलहरी निघत, कानाला न ऐकू येणाऱ्या. त्या हाडातून आत जाऊन तीन सेकंद तो भाग जागा करत. खिशाला मण्याएवढी एक 'नजर' लावायची. माणूस सोडायच्या गोष्टीकडे वळला की नजरेला दिसे, ती चकतीला सांगे आणि त्याच क्षणी पोटात कालवे. दिवसातून दहा वेळा असे झाले की महिन्याभरात मेंदू स्वतःच शिके. मग चकती काढली तरी चालते. गोष्ट समोर आली की किळस आपोआप उठते.

"आणि चांगली सवय लावायची असली तर?" त्रिशलाने वडिलांसाठी विचारले. तिला उत्तर ठाऊक होते.

"तीच तार, उलटी बांधायची. फिरायला जायचं ठरवलं आणि गेला नाहीत, की किळस. गेलात की शांत."

भूपालला तार बांधायचे कळत होते. त्याने मान डोलावली आणि कान पुढे केला.

पहिला महिना तंबाखूचा. चौथ्याच दिवशी नेमगोंडाने नेहमीसारखी मळून हातावर चिमूट धरली आणि भूपालला ती कुजलेल्या पाल्यातून वळवळत निघाल्यासारखी दिसली. दुकानामागे जाऊन तो भडाभडा ओकला. आयुष्यातली पहिलीच वेळ. तोंड धुताना त्याला नवलच वाटले. असे असते होय? लोक विहिरीच्या काठावर नाक धरून उभे राहतात, त्यांना हे होत असते होय?

"पोटुशी हाईस का रं?" नेमगोंडा म्हणाला.

तंबाखू सुटली ती सुटलीच. महिनाअखेरीस भूपालच्या ध्यानात आले की तो आपले स्टूल नेमगोंडापासून हातभर लांब घेऊन बसतो. नेमगोंडा बोलताना त्याच्या दातांतली काळी फट दिसायची. त्याने स्टूल अजून थोडे सरकवले आणि तो विषय सोडून दिला.

दुसऱ्या महिन्यात गोड चहा गेला. साखर उतरली. फोनवर त्रिशला टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या महिन्यासाठी तिनेच सुचवले.

"आण्णा, आता दुप्पट जेवण बंद. आईच्या ताटातलं खायचं नाही. बस्स, एवढंच."

संकल्प लहान होता, शहाणपणाचा होता. उरलेले अन्न शेजारच्या म्हशीला घालता आले असते. भूपालने थोडा विचार केला.

चंपाक्का म्हणाली, "मग माझं ताट धुऊन पिणार कोण? म्हस?"

तिघेही हसले. भूपालने फोनमधून चकतीला तिसरा संकल्प सांगितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चंपाक्काच्या ताटात वरणभात उरला. ताट उचलायला तो वाकला. भाताच्या कडेला लाळेची तार चकाकत होती. दोन वर्षे ती तिथेच असायची, पण आज ती त्याला दिसली. पोट घशाशी आले. ताट त्याने हात लांब करून, मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसे बाहेर नेले.

चकतीचे काम चोख होते, यात शंका नाही. ताटातले खायचे नाही, एवढेच तिला सांगितले होते आणि तिने तेवढेच शिकवले. पण मेंदू काही मोजून मापून शिकत नाही. ताटातला भात ओला कशाने, तर तिच्या तोंडाने. चमचा जातो कुठे, तर त्या तोंडात. आठव्या दिवशी चमच्याची किळस आली. बाराव्या दिवशी तोंड पुसायच्या फडक्याची. गंमत म्हणजे भांडे उचलताना त्याला काही होत नव्हते. विहिरीत उतरावे तसा तो ते निमूट करून यायचा. तोंड पुसताना मात्र तो अर्ध्यातच फडके टाकून द्यायचा. मग विसाव्या दिवशी भांड्यानेही पोट ढवळू लागले. उशीचा वास, केसांतल्या तेलाचा वास, रात्रभर बंद राहिलेल्या तोंडातून सकाळी पहिली हाक येते तिचा वास. "अवो" म्हटले की त्याचा श्वास आपोआप थांबायचा.

त्याने युक्त्या काढल्या. नाकाखाली कापूर चोळला. तोंडाने श्वास घेतला. भरवताना तिच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघू लागला. मग चमचा चुकायचा. आमटी हनुवटीवर सांडायची, एकदा नाकात गेली. ती ठसकली, लाळ, आमटी आणि शेंबूड एक होऊन गळ्यापर्यंत ओघळले आणि हा तिथेच चमचा धरून भिंतीकडे बघत राहिला. पुसायला हात उठेना.

ठसका थांबल्यावर चंपाक्का म्हणाली, "भिंत जेवतीय का मी?"

त्याने हातमोजे आणले. तिला सांगितले की दुकानातल्या व्हार्निशने कातडी उलतेय. तिने त्याच्या हातांकडे पाहिले.

महिना संपला त्या सकाळी फोनवर हिरवी खूण आली. 'अभिनंदन! आपला संकल्प पूर्ण झाला. सवय कायम झाली आहे. पुढच्या महिन्यात काय सोडू या?'

त्याच आठवड्यात चंपाक्का म्हणायला लागली, "भूक न्हाई. ऱ्हाऊ दे."

आणि भूपालला बरे वाटले. हे लिहायला जड जाते, पण तसेच झाले. ती नको म्हणाली की त्याला सुटल्यासारखे व्हायचे. दोन वेळा आग्रह करावा, चार घासांवर थांबावे, ताट पटकन म्हशीपुढे रिकामे करावे. म्हातारपणात भूक कमीच होते, असे तो स्वतःलाच सांगायचा. स्वतः मात्र मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावायचा, दिवसातून दहादा. हात सोलल्यासारखे लाल झाले. नेमगोंडा दारात येऊन गेला, तर भूपाल त्याला आत ये म्हणाला नाही.

पुढच्या पंधरवड्यातली गोष्ट. न्हाणीत नेण्यासाठी त्याने तिला उचलले. तोंड दुसरीकडे वळवले होते, म्हणून आधी हातांनाच कळले. ओझे नव्हते. बायको उचलायची म्हणून त्याने जोर लावला होता, तो जोर वाया गेला आणि तो मागे धडपडला. खुर्चीत बसवताना तिच्या उजव्या मनगटातली पितळी बांगडी हातावरून घसरून खाली पडली. ती बांगडी तीस वर्षांत साबण लावूनही निघाली नव्हती.

त्याने ती उचलली. मग तिच्याकडे पाहिले. बऱ्याच दिवसांनी पाहिले. गाल बसले होते, गळ्याच्या खळगीत पाणी साठले असते.

"किती दिस जेवली न्हाईस?"

"जेवते की. चार घास."

"चंपे, खरं सांग."

मग तिने आपल्या अर्ध्या तोंडाने, जे हलत होते त्या अर्ध्याने, त्याची नक्कल केली. एक नाकपुडी वर, ओठ मुडपलेला, डोळा बारीक. "चमचा आला की तुमचं नाक असं व्हतंय. शेणात अळी दिसली तर माणूस असं बघतंय. कसा उतरंल घास? मला म्हातारीला लाज न्हाई व्हय? खाल्लं न्हाई तर बाकीचं बी कमी व्हतंय. भांडं कमी. चादरी कमी."

हे तिने हिशेब करून ठरवले होते. कमी खायचे म्हणजे कमी घाण होईल आणि त्याला कमी किळस येईल. भूपालने तिला न्हाऊ घातले. न्हाऊ घालताना दोनदा मोरीत ओकला. तिने दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी नेमगोंडाच्या सुनेला घरात बसवून तो सांगलीला गेला.

केंद्रात सगळे तसेच पांढरे, लिंबाच्या खोट्या वासाचे. डॉ. कुरुंदवाडे बाईंनी सगळे ऐकून घेतले, टिपून घेतले आणि हसणे जराही कमी न करता म्हणाल्या, "थोडं फैलावतं काही लोकांत. तुमच्या बाबतीत जरा जास्त झालं. तुम्हाला मुळात किळसच नव्हती, त्यामुळे आवर घालायची सवयही नव्हती. आम्हाला लहानपणापासून शी म्हणायला शिकवतात, तशीच ती गिळायलाही शिकवतात."

"ते काढा आता डोक्यातनं."

"चकती शिकवते, मगदूम. विसरायला नाही लावत. पण उपाय आहे. चौथा संकल्प. पत्नीची सेवा. वेळच्या वेळी भरवलं नाहीत, पुसलं नाहीत, की चकती जागी होईल. महिन्याभरात तुम्ही न सांगता सगळं कराल. आमच्याकडे फार मागणी आहे याला."

"म्हणजे भरवलं न्हाई तर किळस येणार."

"हो."

"कुणाची?"

"तुमची. म्हणजे तुम्हाला स्वतःची. ती जास्त तीव्र असते, त्यामुळे दुसरी मागं पडते."

भूपालने नीट समजून घेतले. म्हणजे तिच्या तोंडाची घाण वाटतच राहणार. पण तिथून उठलो तर त्याहून मोठी घाण आपल्याच अंगातून उठणार, म्हणून आपण चमचा पुढे करणार. चाबूक दोन्हीकडून आणि मध्ये चंपी आ वासून बसलेली.

"दुसरं काय न्हाई?"

"आहे. चकती न लावता, जे नको वाटतं तेच रोज करायचं. तोंड न फिरवता. काहींचं सहा महिन्यांत उतरतं, काहींचं नाही. पण कशाला एवढा त्रास? पहिला आठवडा मोफत देते मी."

तो बाहेर आला आणि त्याने त्रिशलाला फोन लावला. शुक्रवार होता. तिने पहिल्या घंटेला उचलला नाही, तिसऱ्याला उचलला.

"आण्णा? आज कसा काय?"

त्याने सांगितले. मग ती म्हणाली, "घ्या तो चौथा संकल्प. खरंच घ्या. काम करतो तो. मी घेतलाय."

"कसला?"

"तसलाच. मागच्या वर्षी."

"कसला ग, त्रिशला?"

"रविवारचा."

रस्त्यावर एक मालाचा ट्रक भोंगा वाजवत गेला. तो जाईपर्यंत दोघे थांबले.

"राहून जायचं हो, आण्णा. कामात राहून जायचं. तीन तीन आठवडे फोन व्हायचा नाही. मग वाईट वाटायचं. म्हणून म्हटलं, हाच संकल्प करू. आता नाही राहत. दहा वाजले आणि फोन केला नाही, तर मला माझ्याच अंगाचा वास येतो. सडक्या पाण्यासारखा. आंघोळ केली तरी जात नाही. फोन लावला, आईचा चेहरा दिसला, की थांबतो."

भूपालला साडेनऊची वेणी आठवली. आरसा डाव्या हाताने धरून चंपाक्का भांग सरळ आहे का बघायची. तिचे तोंड दिसले की इकडे पोरीचा वास थांबायचा.

"या रविवारी करू नको फोन," तो म्हणाला.

"असं नाही करता येत, आण्णा," त्रिशला म्हणाली. ती रडत होती की नाही हे त्याला कळले नाही.

तो पुन्हा पायऱ्या चढून वर गेला. कानामागची चकती नखाने उचकटली. तिच्यासोबत थोडी कातडी आली. चकती त्याने डॉक्टरीण बाईंच्या टेबलावर, त्या रबरी मेंदूच्या घडीत ठेवली.

"काढून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "ती नुसती शिकवणी होती. धडा तुमच्या डोक्यात आहे."

"ठाऊक हाय. पण तुमची वस्तू तुमच्यापाशी असावी. मी चाळीस वर्षं विहिरींत उतरलो, बाई. एवढी घाण न्हाई बघितली."

हे बोलून तो घरी आला आणि चंपाक्काच्या खाटेशी, नेहमीपेक्षा जवळ, स्टूल ओढून बसला. त्याने सगळे सांगितले. इन्सुला, नजर, कापूर, हातमोजे. रविवारचे तेवढे सांगितले नाही. ते त्याने पोटात ठेवले आणि ते तिथे पचणार नाही हे त्याला कळत होते.

चंपाक्काने ऐकून घेतले. "म्हंजे माझ्यात काय घाण वाढलेली न्हाई?"

"न्हाई ग. हाय तेवढीच हाय."

"मला वाटलं, मी आतनं कुजालीय. आपल्याला आपला वास येत न्हाई म्हंत्यात." मग तिने एक मोठा श्वास सोडला. "मुडदा बसवला त्या चकतीचा. आणा ताट."

"मी भरवतो."

"तुमी भरवू नका. तुमी बसा समोर. भिंतीकडं न्हाई. माझ्याकडं तोंड करून."

भूपालला कळेना. तिने डावा हात पदरातून बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. तो चांगला हात. फिजिओथेरपीवाल्या बाईने पहिल्याच महिन्यात सांगितले होते की या हाताने जेवायची सवय लावा, महिन्याभरात जमेल. चंपाक्काने तिला जवळजवळ हाकलूनच दिले होते. डावा हात म्हणजे परसाकडचा, धुवायचा हात. त्या हाताने आयुष्यभर काय केले ते केले. तो ताटात घालायचा? उपाशी मरेन पण नाही, म्हणाली होती. तिच्या आईने चार वर्षांच्या पोरीच्या डाव्या हातावर उलथन्याचा चटका दिला होता, त्याचा डाग अजून होता. ती शिकवणी कुठल्या चकतीपेक्षा कमी नव्हती.

"चंपे, तुला जमणार न्हाई. तुला त्या हाताची घाण वाटती."

"वाटती की. आत्ताच पोटात कालवालंय." तिने तो हात लुगड्याला दोनदा पुसला. "तुमास्नी माझ्या तोंडाची वाटती, मला माझ्या हाताची. एकटंच काय सहन करताय? बसा."

त्याने आमटीत भाकरी कुस्करून ताट पुढे ठेवले. तिने डाव्या हाताची बोटे त्या लगद्यावर आणली आणि तिथेच थांबली. कपाळावर घाम आला. बोटे बुडाली. घास उचलला, तो तोंडापाशी आला आणि तिने मान फिरवली. "शी," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा आणला. पुन्हा मान फिरली. तिसऱ्या वेळी घास गालावर लागून निम्मा मांडीवर पडला आणि निम्मा आत गेला. तिने डोळे घट्ट मिटून तो गिळला. डोळ्यांतून पाणी आले. आमटी, लाळ आणि भाकरी हनुवटीवरून टपकत होती.

भूपालने ते सगळे पाहिले. तो मोरीकडे धावला, ओकला, चूळ भरली आणि परत येऊन समोर बसला.

"आलासा?" ती म्हणाली. "मला वाटलं पळालासा."

त्या दिवशी पाच घास झाले. दुसऱ्या दिवशी सात. असे रोज दोन वेळा चालले. कुठे खूण येत नव्हती, कुणी अभिनंदन करत नव्हते. काही दिवस तो दोनदा उठायचा, काही दिवस चारदा. एक दिवस तिने रागाने ताटच भिरकावले, तर भिंतीवरचा भात त्याला खरवडावा लागला. खरवडताना त्याला काहीच झाले नाही आणि त्याच संध्याकाळी नुसते फडके पाहून तो पुन्हा ओकला. किळस उतरत होती म्हणावे तर तसे नव्हते. पण चंपाक्काच्या गळ्याची खळगी भरत आली होती.

त्याची स्वतःची मात्र जेवणावरची वासना उडाली होती. समोर बसून हे पाहिल्यावर घास जाईना. दीड महिन्यात दोन भाकऱ्यांची अर्धी झाली. डोळे आत गेले. साखर उतरली होती एवढेच.

एका दुपारी चंपाक्का आपले ताट अर्ध्यावर आणून थांबली. बोटे आमटीने भरली होती, एक शीत अंगठ्याला चिकटले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तुमी जेवलासा?"

"मागनं जेवतो. आत्ता भूक न्हाई."

"ते मी म्हणायचं. माझंच मला सांगू नका."

तिने ताटातली भाकरी पुन्हा कुस्करली. डावा अंगठा अजून वेडावाकडा चालत होता. घास वळला, तो सुटला, पुन्हा वळला. हनुवटीवरून लाळेचा एक थेंब मनगटावर पडला. तिने तो पुसला नाही. मग हात हळूहळू उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. आमटी कोपरापर्यंत ओघळत होती.

भूपालच्या अंगावर काटा आला. सगळे त्या एका घासात होते. ताटातले, तोंडातले, त्या हाताचे. त्याच्या डोक्यातला तो जुना राखणदार ऊठ, ऊठ म्हणून ओरडत होता. तिच्याही कपाळावर घाम होता. ज्या हाताने तिला स्वतःला भरवणे जड जात होते, तो तिने नवऱ्याच्या तोंडापाशी नेला होता आणि लाजेने तिचा चेहरा लालभडक झाला होता.

"हात दुखालाय," ती म्हणाली. "लवकर काय ते सांगा."

त्याने तोंड उघडले. तिची बोटे त्याच्या दातांना लागली, घास जिभेवर ढकलला गेला आणि हात मागे गेला. त्याने दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली. डोळ्यांसमोर अंधारी आली, नाकातून पाणी वाहू लागले, मोरी दहा पावलांवर होती.

चंपाक्का दुसरा घास वळायला लागली होती. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "थुकायचं असंल तर तिकडं जाऊन थुका. इथं अंथरुणावर न्हाई."

भूपालने मान हलवली. ओठ घट्ट मिटले आणि घास चावायला सुरुवात केली.